राजम्याची ब्राउनी आणि धोंड्याचं जेवण

...अन् वरून लोक मलाच म्हणायलेत, "शिवशंकर, मजा हाय बुवा तुझी! धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जाऊन आलास, गाल बघ कसे वर आलेत!" अहो, गाल वर न्हाई आले, जबडा सुजलाय! चावून चावून! तुमाला सांगतो, धोंड्याचं जेवण जेवून आलेला अन् तरीबी धोंड्यासाठी तळमळायलेला जावई अख्ख्या परभणी जिल्ह्यात मी एकलाच असंल. अन् बोलायची सोय न्हाई! जावई हाय ना... जावयानं बोलायचं कसं?

आता धोंडा म्हंजी काय हे तुमाला सांगायची गरज न्हाई, पण सांगतो, कारण मला आता नुसतं बोलूनच समाधान करून घ्यायचंय. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतोय. लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, अन् मग ताटात धोंडे! कणकीच्या पोटात पुरण, गूळ, वेलदोडा, जायफळ, खमंग तळलेलं, अन् वरून तूप... तूप इतकं की तुपात बोट घालून धोंडा शोधावा लागला पायजे. अन् त्यात आमच्या सासूबाईंच्या, कोकिळामामींच्या हातचे! मागच्या वेळचे खाल्ले तवापासून मी वाट बघायलोय. परभणीत माझं हे मोटारी वाइंडिंगचं दुकान हाय, तर तारा गुंडाळता गुंडाळता मधीच हात थांबायचा. गिऱ्हाईक इचारायचं, "मिस्त्री, काय झालं?" काय सांगणार त्याला? पुरण आठवलं म्हणून?

तर यंदा बोलावणं आलं. मी आदल्या दिवशी दुपारपासून पोट रिकामं ठेवलं. सकाळी अर्धा कप चहा, बास. आमची ज्ञानेश्वरी, म्हंजी मालकीण, म्हणली, "अहो, कायतरी खाऊन घ्या, जिंतूरला पोचेस्तोवर चक्कर यील." मी म्हणलं, "तू गप. तुझ्या आईच्या धोंड्यांना जागा करायलोय मी." तेव्हा ती हसली. कामून हसली ते मला मागून कळलं.

एसटीतून उतरून घरी गेलो तर दारातच सासरे, पंडितमामा, बाजंवर बसलेले. एरवी पैलवान माणूस, पण चेहरा असा उतरलेला की मला वाटलं घरात कुणी आजारी हाय. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् हळूच म्हणले, "जावईबापू... घरून जेवून आलाव का?"

म्हणलं, "न्हाई मामा, कालपासून उपाशी हाय!"

त्यांनी डोळे मिटले. "अरारारा," म्हणले. बास, इतकंच. माणूस मयतीला जातो तवा असं म्हणतोय का न्हाई?

आत गेलो. तुपाचा वास न्हाई! पुरणाचा वास न्हाई! वास येतोय तो आमच्या दुकानात मोटार गरम झाल्यावर येतोय तसला. बघतो तर जिथं पुरणाचं पितळी पातेलं असायचं तिथं एक पांढरी पेटी, आतमधी लाल दिवा, अन् तिच्यासमोर कोकिळामामी अशा हात जोडून बसलेल्या! मी म्हणलं, नवीन देव आणला का काय? तेवढ्यात ती पेटी बोलली, "टिंग!" अन् मामी उठून म्हणल्या, "झाली! जावईबापू, अगदी टायमावर आलाव! राजम्याची ब्राउनी!"

राजम्याची! आता मला सांगा, राजमा ही गोष्ट माणूस भातासंगं खातोय का ताटात गोड म्हणून वाढतोय?

झालतं असं, की मामींच्या बचत गटाला शहरातून एक मॅडम येऊन शिकवून गेल्या. कडधान्यांचे पौष्टिक गोड पदार्थ! साखर न्हाई, मैदा न्हाई, तळण न्हाई, नुसतं भाजायचं. मामी सगळ्यांत पुढं बसलत्या म्हणं. अन् त्या दिवसापासून घरातलं एक कडधान्य त्यांच्या तावडीतून सुटलेलं न्हाई. मुगाचा केक, मसुराचे लाडू, हरभऱ्याची बिस्किटं, सोयाबीनच्या वड्या... पंडितमामा सांगायलते, पेरणीला ठेवलेलं सोयाबीन त्यांनी बायकोच्या भेवानं गोदामात कुलूप लावून ठेवलंय.

मी कोपऱ्यात ज्ञानेश्वरीला गाठलं. "तुला माहीत हुतं?"

"हुतं."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर आला असताव का?" अन् मग तिचा आवाज असा मऊ झाला बगा. "अहो, आयुष्यभर आईनं चुलीपुढं काढलंय. कुणी कवा कौतुकानं टाळी वाजवली न्हाई तिच्यासाठी. त्या मॅडमनं सगळ्यांसमोर उभं करून वाजवली. आल्यापासून पोरीवानी नाचायलीय. आज पहिल्यांदा पाव्हण्याला करून घालायलीय. तुमी तोंड वाकडं केलंत ना, तर बगा."

मलाबी आई हाय. भरून आलं मला, खोटं न्हाई सांगत. पण भरून आलं ते काळजात, पोट रिकामंच हुतं ना! अन् पोटाची बाजू कुणी मांडायची? जावई हाय ना... बोलायचं कसं?

पाटावर बसवलं. पाय धुतले. वाण आलं. तांब्याच्या ताटात दिवा, अन् दिव्याच्या शेजारी तेहतीस... अनारसे? छ्या! तेहतीस हरभऱ्याची बिस्किटं. एकदम टणक, गोल, कडंनं नक्षी काढलेली. ताट हातात घेतलं तर खळखळ वाजलं. पंडितमामा भिंतीकडं तोंड करून खोकायलते. खोकत हुते का हसत हुते, देव जाणे.

अन् मग ब्राउनी. पहिला घास घेतला. तुमाला सांगतो, वाईट न्हाई हो! खोटं कशाला बोलू? खजूर हुता, कोको हुता, चव हुती. पण मनात धोंडा धरून बसलेल्या माणसाच्या तोंडात राजमा गेला की जीभच म्हणतेय, हे कोण आलं? मामी समोर बसून माझ्या तोंडाकडं बघायलत्या. अशा बघायलत्या, जशी निकालाच्या दिवशी पोरं बोर्डाकडं बघतेत.

"कसं झालं?"

अन् मी काय म्हणलं असंल? "लय भारी, मामी!"

मेलो तिथंच. "मग घ्या की आजून!" धप्पकन दुसरा तुकडा. "जावईबापू, ह्यात प्रोटीन हाय!" मुगाचा केक आला. "ह्यातबी प्रोटीन हाय!" मसुराचा लाडू. "ह्याच्यात तर लय प्रोटीन हाय!"

आता आपल्याकडची पद्धत तुमाला ठाऊक हाय. पाव्हण्यानं लगेच हो म्हणायचं न्हाई. माझ्या बापानं मला लग्नाच्या आदीच शिकवलंय, "शिवशंकर, सासुरवाडीत हावऱ्यावानी करू नको. पहिल्यांदा वाढायला आले की नको नको म्हणायचं. दुसऱ्यांदा बास बास म्हणायचं. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून!" म्हंजी वाढणाऱ्यानं फटीतून बरोबर वाढलं पायजे. ही आपली सगळ्यांची भाषा हाय. नको म्हंजी वाढा! आजपर्यंत कुणाचं काय बिघडलं न्हाई त्या भाषेनं. पण त्या दिवशी मला खरंच नको हुतं, अन् खऱ्या नकोसाठी आपल्याकडं शब्दच न्हाई हो! मी म्हणलं, "नको मामी," त्या म्हणल्या, "लाजू नका." मी म्हणलं, "पोट भरलं," त्या म्हणल्या, "एवढ्यात?" मी हात आडवा धरला, बोटं घट्ट मिटून धरली, तर त्यांनी माझा हातच उचलून बाजूला ठेवला अन् सोयाबीनची वडी टाकली! "ह्यात प्रोटीन हाय!"

पोटात सगळी कडधान्यं एकमेकांशी भांडायलीत. राजमा मुगाला ढकलायलाय, मूग मसुराला. आतून असले आवाज यायलेत की पंडितमामांनी एकदा दाराकडं बघितलं, कुणाचा ट्रॅक्टर आला का काय म्हणून. घाम फुटला. दस्तीनं तोंड पुसलं. मामी परत ब्राउनीचं ताट घेऊन यायल्यात... अन् माझा बांध फुटला!

"मामी!" म्हणलं. "हात जोडतो! आग्रह करू नका! मी त्यातला माणूस न्हाई! मी नको म्हणलं की मला खरंच नको असतंय! आईशपथ!"

ज्ञानेश्वरीनं मांडीवर असा चिमटा घेतला की आजून निळं हाय. मला वाटलं, गेलं, मामींचं मन मोडलं, आता रडतेत. पण मामी हसल्या! म्हणल्या, "बरं झालं बोललाव! मॅडमबी हेच म्हणल्या, पाव्हण्याला आग्रह करून खाऊ घालू नका, त्याचं नको म्हंजी नको समजा. मलाच सवय सुटंना बापा. आता तुमच्या गळ्याची शपथ, एकदा नको म्हणलाव की मी परत इचारायची न्हाई."

सुटलो! तुमाला सांगतो, गंगेत न्हाल्यावानी वाटलं. मी मागं भिंतीला टेकलो. मामी आत गेल्या. अन् आतून...

आतून वास आला.

जायफळ. वेलदोडा. तूप, अन् तेबी कढवलेलं!

मामी बाहेर आल्या. हातात वाटी, वाटीत तूप, अन् तुपात... धोंडे! सोनेरी, फुगलेले, एकाचं पुरण जरासं बाहेर डोकावायलंय! मामी लाजून म्हणल्या, "खरं सांगू का जावईबापू, पहाटं, घरात कुणी उठायच्या आदीच केलते, अन् डब्यात घट्ट झाकून ठेवलते. निवदालाबी लागतेत, अन् तुमाला आवडतेत ते मला ठाऊक न्हाई का? पण तुमी ते बाकीचं इतक्या मायेनं खायलताव, मला वाटलं मधीच कशाला काढायचं. शेवटाला राखून ठेवलते." अन् माझ्यासमोर वाकून, वाटी पुढं करून, त्या माऊलीनं इचारलं,

"वाढू का?"

तीन वर्षं, राव! तीन वर्षं मी त्या दोन शब्दांची वाट बघितली! अन् ह्या तोंडानं... ह्या माझ्या तोंडानं, बापाच्या शिकवणीतल्या तोंडानं, मला न इचारता, काय म्हणावं?

"नको नको!"

हातबी गेला ताटावर! आडवा! बोटं फाकवून! एवढी फाकवून, की मधून आख्खा धोंडा गेला असता!

मामी थांबल्या. माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणल्या. "शपथ घेतलीय मी." अन् वाटी मागं घेतली.

मी बोटं आजून फाकवली! डोळ्यांनी खुणावलं! कुणी समजंना! आता तुमी म्हणताल, सांगून टाकायचं की, चुकून निघालं तोंडातून, द्या हिकडं! अहो, आत्ताच आईची शपथ घेऊन सांगितलेलं, नको म्हंजी नको! अन् जावयानं मागून खायचं? मागून? आमच्यात पाटावरचा जावई मागून खात न्हाई हो! जावई हाय ना... बोलायचं कसं?

पंडितमामा तोवर सरकून बसलते. ते काय जावई न्हाईत. म्हणले, "कोकिळे, हिकडं आण. सगळे वाढ." अन् माझ्यासमोर, मांडीला मांडी लावून, एकेक धोंडा तुपात बुडवून खाल्ला. शेवटचा उचलताना माझ्याकडं बघितलं, थोडं वाईट वाटलं त्यांना, दिसलं मला. पण खाल्ला.

निघताना मामींनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणल्या, "तुमच्यावानी जावई मिळायला नशीब लागतंय. आतलं बाहेरचं एक. माझं केलेलं सगळं खाल्लं, अन् गोडाचा हावरेपणा न्हाई. पुढच्या अधिकात आजून नवीन शिकून घालते बगा." डोळे भरले त्यांचे. माझेबी भरले. कारण वेगळं हुतं, पण भरले, अन् पाया पडताना मनापासून पडलो. एवढी मायेची बाई, तिच्याशी भांडायचं तरी कसं?

तर हे असं हाय. तीन वर्षं परत वाट बघायची. तोवर हा डबा हाय, वाणातल्या बिस्किटांचा, इथं दुकानातच ठेवलाय. घरी ठेवला तर ज्ञानेश्वरी रोज चहासंगं मोजून देतेय. तुमी आलाच हायत तर घ्या की एखादं. घ्या हो, प्रोटीन हाय ह्यात!

आं? नको?

खरंच नको, का आपल्यातलं नको? हात बघू... बोटं घट्ट मिटलीत. म्हंजी खरंच नको.

बरं. मीच खातो.