कुठली मुलगी ओलांडेल?

किरगिझस्तानातल्या ओश शहरात, सिनेमागृहापुढच्या रांगेत कॉलेजच्या दोन पोरींची चर्चा कानावर पडली आणि म्हाताऱ्या सागिनबेकला काही राहवेना.

"पोरींनो, सांगून कुणाला पटायचं नाही, पण आमची ही पळवून आणलेली, आणि आली ती हसत हसत!"

"आजोबा, आमचं सिनेमाचं चाललंय. ज्याच्यावरून गावभर भांडणं झाली, तो प्रसंग. लग्नासाठी पळवलेली मुलगी परत जाऊ नये म्हणून नवऱ्यामुलाची आजी उंबरठ्यात आडवी पडते, आणि मुलगी तिला ओलांडून चालती होते."

"मला तर तोच सगळ्यात आवडतो," दुसरी म्हणाली.

"शुद्ध थापा! वडीलधाऱ्या बाईला ओलांडलं तर शाप लागतो. कुठली किरगिझ मुलगी ओलांडेल? माझी आई अशीच आडवी पडली, तर हिनं तिला हात धरून उठवलं, सुनेचा पांढरा रुमाल आपल्याच हातानं डोक्याला बांधला. दारातला घोडासुद्धा हसला!"

"घोडा?"

"शपथ!"

शेजारी त्याची बायको बुरुलसून इतका वेळ सूर्यफुलाच्या बिया सोलत उभी होती.

"खोटं बोलतायत हे," ती पोरींना म्हणाली. "मी सासूला ओलांडलं होतं. अनवाणी माहेर गाठलं. परत आणून सोडलं, ते माझ्या बापानं."