सरावाच्या तीनशे चिपा

असुनसिओन शहरातल्या दवाखान्यात मी लशीसाठी बाळाला घेऊन बसले होते. शेजारी दोघं भावंडं, बहिणीच्या मांडीवर लॅपटॉप.

"दादा, मावशीच्या बेकरीची वेबसाइट माझ्या लॅपटॉपवर चालली! काल सरावाला तीनशे चिपांची ऑर्डरही टाकली." चिपा म्हणजे इथले चीजचे छोटे पाव.

"डेटाबेस सरावाचाच जोडलास ना?"

"म्हणजे?"

"निदिया! सेटिंग दाखव. अगं बये, हा तर मावशीचा खरा डेटाबेस!"

"तरीच ती पहाटेपासून फोन उचलत नाहीये!"

"पत्ता कुठला टाकलास?"

"आज इथे यायचं होतं, म्हणून इथलाच."

"संपलं. आता ती वेबसाइटच बंद करेल."

तेवढ्यात दारात घामाघूम मावशी, डोक्यावर टोपली. "तीनशे चिपा कोणाच्या?"

"मावशी, ते..."

"इकडे सहा!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"मला दहा, गरम बघून!"

बाळाला सावरत मीही हात वर केला.

पैसे मोजत मावशी म्हणाली, "निदिया, उद्याही सराव कर गं!"