आरशावरचा दिवा

(केस कायमचे काढून देणाऱ्या दवाखान्यातली छोटी खोली. झुकत्या खुर्चीत मुलगी, शेजारी स्टुलावर तिची आई. मशीनवरच्या मॅडमनी भिंगाचा दिवा मुलीच्या हनुवटीवर ओढून घेतलाय.)

मॅडम : मान वर. अजून. थांबा... केस कुठायत?

मुलगी : असतील ना. नीट बघा.

मॅडम : भिंगातून बघतेय, आणखी नीट कसं बघू? फोनवर बजावलं होतं मी. चिमटा नाही, दोरा नाही, वॅक्स नाही. केस वर दिसले पाहिजेत.

मुलगी : वाढवले होते हो! ऑफिसात मास्क लावून बसत होते. सर्दी झालीय म्हणून सांगितलं सगळ्यांना.

मॅडम : मग गेले कुठे?

मुलगी : आई, सांग की आता.

आई : मी काढले, सकाळी. त्यात काय एवढं? परक्या बाईसमोर पोरीला तशीच आणून बसवू?

मॅडम : अहो काकू, दात दुखतो म्हणून डॉक्टरकडे जाताना दात घरीच उपटून जाता का?

आई : थट्टा नको. आईच्या जिवाचं तुम्हाला काय कळणार.

मुलगी : शाळेत होते तेव्हापासून हेच चाललंय, मॅडम. सगळे उठायच्या आत हिची हाक. मान वर कर, हलू नकोस, आवाज करू नकोस. आज मीही मुकाट्याने मान वर केली. इतकी सवय!

मॅडम : हे बघा, एकेका केसाच्या कडेने बारीक सुई आत जाते. मुळाशी विजेचा झटका देते, मूळ मरतं. केसच नाही तर सुई घालू कुठे? आणि उपटलेला केस परत वर यायला कित्येक आठवडे जातात.

आई : म्हणजे आज नाही ना? बरंच झालं. चल, ऊठ.

मॅडम : जरा थांबा. जबड्याखाली थोडे राहिलेत.

आई : राहिलेत? शक्यच नाही! बाथरूमच्या आरशावर एवढा लख्ख दिवा आहे, सुई पडली तरी दिसेल.

मॅडम : घाईत राहिले असतील. एवढे आज करता येतील. सुरू करू?

मुलगी : करा.

आई : थांबा! किती दुखेल?

मॅडम : मुंगी चावल्यासारखं, प्रत्येक केसाला. नंतर लाल होईल, थोडं सुजेल, बारीक खपल्या धरतील. त्या खरवडायच्या नाहीत. काही दिवस ऊन नको, मेकअप नको.

आई : आणि रविवारी ते घरी येतायत त्याचं काय? नवरामुलगा, त्याची आई, सगळे! त्यांच्यासमोर ही खपल्या मिरवणार?

मुलगी : हो.

आई : डोकं फिरलंय हिचं. मॅडम, लग्न पार पडू द्या, मग एका दिवसात उरकून टाका.

मॅडम : एका दिवसात? काकू, वर्ष जाईल, दीडही जाईल. सगळे केस एकदम उगवत नाहीत, येतील तसे मारायचे. मधल्या दिवसांत कात्रीने कापले तर चालतील, पण इथे यायच्या आधी वाढवायलाच हवेत. आणि डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. आत हार्मोन्स बिघडलेले असले तर मी एकीकडे मारते नि दुसरीकडे नवे येतात.

आई : वर्षभर! सासरी!

मुलगी : म्हणूनच म्हणते, त्याला आधी सांगूया.

आई : खबरदार! जमलेलं लग्न मोडायचंय का तुला?

मुलगी : यानं मोडणार असेल तर मोडू दे. मला नाही जमणार, आई. त्याच्या आधी उठायचं, कडी लावायची, नळ सोडायचा, म्हणजे आवाज नको. रोज. मरेपर्यंत!

आई : जमतं. सगळं जमतं.

मुलगी : तुला कसं माहीत?

आई : (हनुवटीवर पदर ओढत) आहे माहीत.

मॅडम : काकू, जरा इकडे तोंड करा. उजेडात.

आई : माझं काय काम आहे?

मुलगी : आई?

आई : बघतेस काय अशी? असतात एकेकीला. तुझ्याकडे आले ते काय आभाळातून पडले?

मुलगी : आणि मला कधी बोलली नाहीस?

आई : काय बोलायचं? ह्यांनासुद्धा माहीत नाही. एवढा संसार झाला, कळू दिलं नाही मी.

मुलगी : आई, आरशावरचा तो दिवा कोणी बसवला?

आई : ह्यांनी. दाढीला उजेड कमी पडतो म्हणाले.

मुलगी : बाबा दाढी कुठे करतात?

आई : कुठे म्हणजे? गॅलरीत. खिडकीला तो छोटा आरसा टांगून... पहिल्यापासून...

मुलगी : मग तो दिवा कुणासाठी?

आई : म्हणजे ह्यांना माहीत...

मॅडम : पाणी देऊ का, काकू?

आई : नको. मेला माणूस! एका शब्दाने बोलला नाही कधी. आणि मी आपली तो नळ सोडून...

मुलगी : रडू नकोस ना गं.

आई : रडत नाहीये. रविवारी येऊ देत त्यांना. मॅडम, करा तुम्ही सुरू.

मॅडम : हात धरा हिचा. पहिले एक-दोन जरा लागतात.

आई : धरलाय. आणि, मॅडम, पांढरे झालेले केस जातात का हो यानं?

मॅडम : जातात. लेझरने पांढरे जात नाहीत, सुईला रंगाशी काही देणंघेणं नसतं. पेसमेकर वगैरे नाही ना तुम्हाला?

आई : छे हो. मग हिचं झालं की हा तुमचा दिवा जरा माझ्याकडे फिरवा.