तुझ्यासाठीच थांबलो होतो!

थांबतात हो, थांबत नाहीत असं कोण म्हणतंय? प्रत्येक फाट्यावर थांबतात! आमच्या पळणाऱ्या ग्रुपचा नियमच आहे तो, रानात वाटेला फाटा फुटला की पुढच्यांनी मागच्यांसाठी थांबायचं. मागचे म्हणजे कोण, तर मी. एकटीच. तर मी धापा टाकत, नाक वाहतंय, वेणी सुटलीय, अशा अवतारात फाट्यावर पोचते आणि बघते तर सगळे जागच्या जागी उड्या मारतायत, तळहात चोळतायत, तोंडातून वाफा... आणि मी दिसल्याबरोबर आमच्यातली डेंटिस्ट ओरडते, "आली आली! अगं, तुझ्यासाठीच थांबलो होतो! चला रे, गारठलो!" ...की निघाले! अहो, मी आत्ता आले! म्हणजे विश्रांती कुणाला मिळाली? ज्यांना नको होती त्यांना!

तुम्ही म्हणाल, बाई, सात महिन्यांचं बाळ घरी टाकून एवढ्या थंडीत जायला कुणी सांगितलं होतं? सासूबाईंनीही हेच विचारलं, नुसत्या भुवयांनी. तर खरं सांगते, मी पळायला गेलेच नव्हते. मी एक प्रश्न विचारायला गेले होते. ही डेंटिस्ट माझी जुनी मैत्रीण, बाळंतपणाआधी आम्ही बडबडत बरोबरीनं पळायचो, दोन मुलांची आई आहे ती. तिला मला एवढंच विचारायचं होतं, की बाळ शांत झोपलं की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना. दिवसातून किती वेळा ते विचारू नका. कधी कधी तर बोटावर विश्वास बसत नाही म्हणून हलवून उठवते, आणि ते भोकाड पसरतं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडतो. तर हे सगळ्यांचंच होतं का गं, की माझंच? बस्स. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तू इंटरनेटवर वाचणं बंद कर." डॉक्टरांकडे जावं, तर ते बाळाला तपासतात. मला नाही.

म्हणून पहिल्या फाट्यावर म्हटलं, "अगं, ऐक ना, मला जरा..." "तुझ्यासाठीच थांबलो होतो गं! चला!" दुसऱ्यावर म्हटलं, "एक मिनिट, मला वि... वि..." दम लागल्यावर 'विचारायचंय' हा शब्द म्हणून बघा तुम्ही! तो संपेपर्यंत त्यांच्या पाठी दिसायला लागल्या.

आणि मधल्या वाटेत कोण? कोणी नाही. उघडीबोडकी झाडं, गोठून दगड झालेली माती, आणि लांब वळणापलीकडून त्यांचं हसणं... हसणं ऐकू येतं हो, विनोद ऐकू येत नाही. त्यात इतके महिने दिवसभर एकाच माणसाशी बोलतेय, तर दुसरी भाषाच राहिली नाही मला. "आता आपण काय कलनाल? आपण चढ चढनाल! शाब्बाश!" मोठ्यानं! स्वतःशी! समोरून एक आजोबा कुत्रं घेऊन आले, तर मी काय म्हणावं? "अगोबाई, कोण आलं? भू भू आला?" आजोबांकडे बघून!

मग तिसऱ्या फाट्याआधी मी डोकं चालवलं. म्हटलं, अलीकडेच झाडामागे बसून दम खायचा, ताजीतवानी होऊन फाट्यावर उगवायचं, आणि 'चला' म्हणायच्या आत हिचा हात धरून प्रश्न टाकायचा. बसले उकिडवी. इकडे मी येईना म्हणून आमच्यातला तो बँक मॅनेजर, भला माणूस हो, शोधत उलटा आला. झाडामागे मी दिसले मात्र, गर्रकन पाठ फिरवली आणि "सॉरी सॉरी सॉरी! होऊ दे सावकाश!" म्हणत असा सुटला, असा सुटला, की जन्मात तेवढा पळाला नसेल! अहो, मी नुसती बसले होते! पण हे रानात ओरडून सांगायचं कसं?

फाट्यावर पोचले, तर कोणी नाही. डहाळ्यांचा एक बाण करून ठेवलेला. समजूतदारपणा! मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून! आयुष्यात पहिल्यांदा दम जागेवर, प्रश्न ओठावर, आणि समोर कोण, तर बाण. विचारलं मी बाणाला. खोटं कशाला सांगू? "हे सगळ्यांचंच होतं का रे?" तो आपला डावीकडे बोट दाखवून पडलेला.

गाड्या लावल्या होत्या तिथं आले, तर थर्मासमधली कॉफी पिता पिता सगळे एकदम माझ्याकडे वळले. "बरं वाटतंय ना आता?" "मीठ-साखरेचं पाणी करू?" "सावकाश गं, तुझ्यासाठीच थांबलो होतो!" आणि या वेळी खरंच कुणी निघेना! डेंटिस्ट जवळ आली, खांद्यावर हात ठेवला, हळूच म्हणाली, "मघापासून काहीतरी विचारायचं होतं ना तुला? बोल."

तोंड उघडलं हो मी. सगळ्यांचे कप मधेच थांबलेले, सगळ्यांचे डोळे माझ्या पोटावर... आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"तुझे बूट कुठले गं?"

बोलली हो ती! माझा हात हातात घेऊन बोलली! टाच कशी हवी, तळवा कसा हवा, ओल्या दगडावर पकड कशी असते, दुकानदाराला माझं नाव सांग, चांगले दाखवेल... इतकं मनापासून माझ्याशी कित्येक महिन्यांत कुणी बोललं नव्हतं. मी आपली मान डोलावतेय, डोळ्यांत पाणी, आणि ती म्हणते, "थंडीचं येतं गं असं."

घेतले मग मी. काय करणार? चांगले आहेत हो. पाय अजिबात दुखत नाहीत.