तू आधी ठेव

"हॅलो? … भिंगरी? अगं मोठ्याने बोल, नुसता गलका ऐकू येतोय. … स्टँडवर? आज? … अगं, ताईकडे राहायला उद्या निघणार होतीस ना तू?"

मावशींनी शिवणाच्या मशीनवरून पाय काढला.

"… ताईची ड्यूटी बदलली होय. बरं. … नाही गं, राग कसला? … हो, जेवायला यायची होतीस. … छे, काही केलं नव्हतं अजून."

शेगडीवर पातेलं रटरटत होतं. मावशींनी हात लांब करून गॅस बंद केला.

दुकानात चोरी करताना पकडली गेल्यावर वस्तीतल्या मुलांच्या मदत केंद्राने ही पोरगी त्यांच्याकडे पाठवली होती. "शिकवायचं काही नाही. आठवड्यातून एक तास नुसतं तिच्याजवळ बसा," केंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या. शनिवारचा तो तास कधी रोजचा झाला, दोघींनाही कळलं नाही.

"… रडतेस? अगं ऐक ना… ऐक तर! उतरू नकोस. बॅग वर टाकलीस ना? मग बैस. … ताई ओळखत नाही म्हणजे? सख्खी बहीण आहे तुझी. … हो, चार वर्षांत माणूस परकं होतं, कबूल. पण आपण तरी कुठे ओळखत होतो एकमेकींना? पहिल्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. मी कात्री लपवून ठेवली होती, खरं सांगते. … हसतेस काय? हो, तुला घाबरूनच!"

मावशीही हसल्या.

"… काय म्हणालीस? … मी थांब म्हटलं तर थांबशील?"

एक शब्द पुरे होता. पोरगी बॅग उचलून तडक इथे आली असती. पण रात्री तिला, आजवर राहत होती त्या मामाच्याच घरी जावं लागलं असतं. तिथे मामी उठता-बसता 'चोरटी' म्हणायची. आणि चौकात ती जुनी टोळी होतीच, गेल्याच आठवड्यात तिला हाका मारून गेलेली.

"… नाही. मी नाही म्हणणार तसं. … माझं काय? माझ्याकडे दिवसभर रीघ असते. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बसवायची… … गिऱ्हाइकं म्हणजे माणसं नव्हेत? फार शहाणी झालीस!

… करतो की मुलगा फोन. … परवाच केला. … अगं, तू नव्हतीस तेव्हा केला!

… हो, केंद्रातल्या बाई विचारत होत्या, दुसरी मुलगी पाठवू का म्हणून. … नाही, 'हो' नाही म्हटलं. बघू. … तू कशाला रुसतेस त्यात?"

फोनमध्ये इंजिनाची घरघर सुरू झाली.

"… ड्रायव्हर आला? मग नीट बैस. पोचल्यावर तोंड फुगवून उभी राहू नकोस, आधी ताईच्या गळ्यात पड. तीही घाबरली असेल, बिचारी. … येईन की. … अगं येईन, म्हटलं ना. … हो, जेवेन वेळेवर. … चल, ठेव आता. … तू आधी ठेव. … नाही, तूच ठेव. … बस थांबवायला सांगितलंस तर बघ! … बरं, मीच ठेवते. ठेवते हं."

आणि त्यांनी खरंच ठेवला.

खोलीत अगदी शांत झालं. समोर कुणाची तरी अर्धवट शिवलेली बाही सुईखाली अडकून पडली होती.

फोन पुन्हा वाजू लागला. पडद्यावर भिंगरीचं नाव. मावशींचा हात त्याच्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. उचलला तर तोंडून 'ये' निघेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तो वाजायचा थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या.