जागा रिकामी होईपर्यंत

(लुसाका. ऑक्टोबरची दुपार. संगणकावरच्या विमान उडवायच्या खेळात बसलेला निवृत्त वैमानिक कापेम्ब्वा. शेजारी मुलगी नकान्दू आणि विमानतळावरचा जुना सोबती जेरे.)

जेरे: उतरवलंस झकास. आता मध्येच का थांबलास? सगळी वाट अडवलीयस.

कापेम्ब्वा: विमान उभं करायला मला जागाच दिली नाही. नकान्दू, हे काय म्हणतंय?

नकान्दू: एकही जागा रिकामी नाही म्हणतंय. अगं बाई, माझंच चुकलं! खेळातला विमानतळ ओकाबोका दिसायचा, म्हणून मी सगळीकडे विमानं उभी केली. आदिस अबाबाचं, नैरोबीचं, जोहान्सबर्गचं. खरी उभी असतात तशीच, आपापल्या जागी. तुमच्यासाठी एक सोडायची राहूनच गेली.

जेरे: शाबास! पाहुण्यांनी घर भरलं आणि घरधनी दाराबाहेर. माकडं खाणाऱ्यांकडून दुसरं काय होणार!

कापेम्ब्वा: उंदीर भाजून खाणाऱ्यांनी तोंड उघडू नये.

नकान्दू: तुम्हा बेम्बा आणि न्गोनी जमातींची एकमेकांची थट्टा मयतातसुद्धा थांबत नाही, इथं काय थांबणार! थांबा बाबा, पाच नंबरच्या जागेवरचं विमान पुसून टाकते. एक बटण दाबलं की गेलं.

कापेम्ब्वा: हात लावू नकोस!

नकान्दू: का?

कापेम्ब्वा: दुसऱ्याचं विमान आहे ते. जागेवर उभं असलेलं विमान हाकलून कुणी आत शिरत नाही. वाट बघायची असते.

जेरे: अरे, चित्र आहे ते!

कापेम्ब्वा: मग माझंही चित्रच. मी कशाला बसलोय इथं? उठतो.

जेरे: बस, बस. लगेच नाकाला मिरच्या झोंबल्या.

नकान्दू: पण बाबा, ते हलणारच नाही. नुसता पुतळा आहे. ना वैमानिक, ना प्रवासी. जन्मभर वाट बघाल.

कापेम्ब्वा: बघितलीच आहे की.

जेरे: मीही. पोरी, त्या दिवशी पाच नंबरवर मीच उभा होतो. खुणेच्या दोन्ही काठ्या हातात, तुझ्या बापाला जागेवर घ्यायला. ऊन उतरलं, तरी विमान नाही. मग कुणीतरी येऊन म्हणालं, घरी जा, कंपनी बुडाली, विमान तिकडंच जप्त झालंय.

नकान्दू: आणि बाबा बसनं आले.

कापेम्ब्वा: बसनं. गणवेश पिशवीत कोंबून. लाज वाटत होती गं. विमान परक्या देशात टाकून मी एकटा घरी. अजून स्वप्नात मी तेच विमान उतरवतो, या वळणापर्यंत आणतो आणि जाग येते.

नकान्दू: आज नाही यायची. त्या पुतळ्याला मी वेळापत्रक देते. प्रवासी बसवते, आदिसला धाडते. जाईल आपलं आपण.

जेरे: चारला वीज जाणार. तोवर जाईल का ते?

कापेम्ब्वा: जाईल तेव्हा जाईल. ऊन बघ कसं पडलंय, जेरे. धावपट्टीवर पाणी साचल्यासारखं दिसतंय.

जेरे: अगदी असंच दिसायचं. आणि पलीकडं गवत पेटवलेलं असायचं, त्याचा वास.

नकान्दू: वास नाही हो देता येत, काका.

जेरे: मला येतोय.

कापेम्ब्वा: मलाही.

नकान्दू: हललं! बाबा, मागं सरकतंय बघा.

कापेम्ब्वा: सावकाश जाऊ दे. सुखरूप जा रे बाबांनो.

नकान्दू: मिळाली जागा. पाच नंबर.

जेरे: सरक पोरी, मी पडद्यापाशी उभा राहतो. कापेम्ब्वा, माझ्याकडं बघ. ये, सरळ ये. जरा डावीकडं. ये.

कापेम्ब्वा: हात जरा वर धर, दिसत नाहीत.

जेरे: घे, धरले वर. पुढं बघ. हळू. अजून थोडं. बस, थांब!

नकान्दू: पोचलात, बाबा. इंजिनं बंद करा आता.

कापेम्ब्वा: बंद केली की संपलं. मग ते स्वप्नातसुद्धा यायचं नाही.

जेरे: नको येऊ दे. कर बंद. मला हात खाली करायचेत, केव्हाचा उभा आहे.