दोन्ही कॉम्प्युटरनी एकच सांगितलं पाहिजे

मी शमीम. जन्म भोरचा, शाळा भोरची, आन आयटीआय बी भोरलाच केला, तवा वर्गात मुली आमी दोघीच. अब्बांचं मोटारी भरायचं दुकान होतं, म्हंजे शेतातल्या पंपाची मोटार जळाली की आतली तार काढायची आन नवी भरायची, आन काय सांगू तुम्हाला, जळकी तार कापायच्या आधी अब्बा म्हणायचे, शमीम, वेढे मोज, तारेची जाडी बघ, लिहून ठेव, एकदा कापली की मोटारीला विचारून ती काय सांगत न्हाई. मी कंटाळायची. पण मोजायची.

लग्न होऊन नसरापूरला आले, नवरा टेम्पो चालवतो, आन हायवेच्या कडेला दुधाची डेअरी झाली तिथं मी लागले. माझं काम लोकांना लवकर कळत न्हाई. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमची सून डेअरीत कॉम्प्युटर पुसती. व्हय, पुसते पण. तर ऐका. दूध किती तापवायचं, कुठल्या टाकीत सोडायचं, पाइप कधी धुवायचा, हे सगळं एक पेटी ठरवती, तिला आमी कंट्रोलर म्हणतो. तिच्या पोटात जे आकडे भरलेत तशी ती वागती, इतकी डिग्री झाली की हा व्हॉल्व्ह उघड, इतकी मिनिटं थांब. तेच आकडे मोठ्या कॉम्प्युटरवर जपून ठेवलेले असतात, आन त्याची नक्कल शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, एक गेला तर दुसरा हाय म्हणून. पेटीनं आन दोन्ही कॉम्प्युटरनी, तिघांनी एकच सांगितलं पाहिजे. ते बघायचं, आन दर शनिवारी कॉपी काढून लोखंडी कपाटात ठेवायची, हे माझं काम.

आन एक वही. कुणी बी आकडा बदलला तर वहीत लिहायचं, जुना किती, नवा किती, का बदलला, खाली सही. हे मी सुरू केलं. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर ज्ञानोबा बापू, कामथडीचे, ते लई टवाळी करायचे. शमीमबाई, शिंकलो तर बी लिहू का? मी म्हणायची, शिंकल्यावर व्हॉल्व्ह हलला तर लिहा बापू.

एकदा सकाळी लाइट गेली आन परत आली ती अशी जोरात आली की पेटीतलं कार्ड जळालं आन मोठा कॉम्प्युटर बी चालूच व्हईना. कार्ड होतं स्टोअरला, बसवलं, पण नवं कार्ड म्हंजे कोरं, त्याला काहीच ठाऊक न्हाई. बाहेर विंझरचे, भोंगवलीचे दुधाचे टेम्पो येऊन उभे राहिलेले. मॅनेजरसाहेब म्हणाले, दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं भरा आन चालू करा. सिस्टीम बसवणाऱ्यांचा इंजिनिअर फोनवर तेच म्हणाला. सोपंच होतं, एक बटण दाबायचं. पण भरायच्या आधी यादी उघडून वाचायची मला सवय, म्हणून वाचायला लागले, तर टाकी नंबर सहा दिसंना. परत वाचली. न्हाईच. आता टाकी सहा आमी दिवाळीनंतर बसवलेली, रोज तिच्यात दूध पडतंय, आन हा कॉम्प्युटर म्हणतोय अशी टाकीच न्हाई. म्हंजे मोठ्या कॉम्प्युटरची नक्कल ह्याच्यावर यायची कधीच बंद पडलेली. दोघांच्या मधे एक हिरवा दिवा असतो, तो रोज जळत होता, तो बघून मी निर्धास्त होते. मागनं कळलं, त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की वायर धड हाय. कुणीतरी पासवर्ड बदलला तवापासून नक्कल थांबलेली.

पळत कपाटाकडं गेले. शनिवारची डिस्क काढली, लावली. तिच्यात बी टाकी सहा न्हाई. मग माझ्या डोक्यात उजाडलं. मोठ्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर बसलेले असतात, त्यांना कशाला उठवायचं म्हणून मी कॉपी दुसऱ्यावरनं काढायची. किती शनिवार मी तेच शिळं पुन्हा पुन्हा काढून, वर माझ्या अक्षरात तारीख घालून कपाटात ठेवत होते.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब, कॉपी चुकीच्या कॉम्प्युटरची हाय, चूक माझी.

मग आता? साहेब म्हणाले.

मी म्हणलं, जुनं भरायचं आन वहीतला एकेक बदल त्याच्यावर हातानं चढवायचा. दुपार व्हईल. ते म्हणाले, बाई, बाहेर दूध उभंय, टाकी सहा बंद ठेवा, बाकी चालवा. मी म्हणलं, तोवर दूध गार टाक्यांत घ्या, त्या हातानं चालत्यात. बाकी काय काय जुनं झालंय ते वही बघितल्याबिगर मला ठाऊक न्हाई. हे दूध लेकरं पितात साहेब, मी तसं चालू करणार न्हाई, पाहिजे तर तुमी दुसरं कुणी बसवा. साहेबांनी बाहेर जाऊन टेम्पो गार टाक्यांकडं लावायला सांगितले.

टाकी सहाचीच वहीत आठ पानं होती. बसले. सुरुवात करायच्या आधी मी सगळ्यांना विचारलं, कुणी काही बदललंय आन लिहायचं राह्यलंय का? बापू आपले चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभे. मी पहिलं पान चढवलं, दुसरं चढवलं, तिसऱ्याला बापू जवळ आले आन म्हणाले, बाई, एक हाय. धुवायच्या सोड्यानंतर जे साधं पाणी सोडतो त्याची मिनिटं मी वाढवलीती. टाकी सहाचा पाइप लांब, जुन्या मिनिटांत सोडा निघत नव्हता. मी म्हणलं, बापू, आन लिहिलं न्हाई? ते म्हणाले, तुमी रजेवर व्हता, मला वाटलं ह्या पोरीच्या वहीत आता पाण्याची बी सही करायची का. पण तुमी सगळ्यांम्होरं आपली चूक सांगितली, मग मी कसा गप बसू?

काय सांगू तुम्हाला, बापू बोलले नसते तर मी वही पुरी चढवली असती, सगळं बरोबर हाय म्हणून सही केली असती, आन सोडा पाइपात राहून दुधात गेला असता.

ती मिनिटं घातली. बापूंनी वहीत लिहिलं, सही केली, टवाळी न्हाई काही न्हाई. मग दूध न घेता नुसतं पाणी फिरवलं, सोडा टाकून धुतलं, शेवटचं पाणी, सोडा असला तर रंग बदलती त्या कागदाच्या पट्टीवर तपासलं, एकदा मी, एकदा बापूंनी. मग दूध सोडलं. दुपार कलली होती, पण एक बी कॅन माघारी गेला न्हाई.

रिपोर्टात माझी चूक मीच लिहिली. साहेब म्हणाले, इतकं सविस्तर कशाला? मी म्हणलं, उद्या माझ्या जागेवर जी बसंल तिला कळाय नको का?

आता शनिवारी कॉपी मोठ्या कॉम्प्युटरवरनं निघती आन तेवढ्यावर सुटत न्हाई. एक जुनी पेटी दुरुस्त करून घेतली, तिच्यात ती कॉपी भरायची, चालती का बघायची, मग बापू यादी मोठ्यानं वाचणार आन मी बोट ठेवून बघणार. भरून बघितल्याबिगर कॉपीला कॉपी म्हणायचं न्हाई. बापू पुढच्या महिन्यात रिटायर होतील, त्यांच्या जागी विंझरची सुनंदा आलीय, दोन लेकरांची आई, कामाला लई चोख. परवा तिनं एक आकडा बदलला आन लिहायची राह्यली, तर दुसऱ्या दिवशी गेटावरच मला गाठून म्हणाली, ताई, माझं एक राह्यलंय. मला बरं वाटलं.

बाकी अल्लाची मेहेरबानी हाय. चहा घ्या, गार व्हतोय. दूध आमच्याच डेअरीचं हाय, निर्धास्त प्या.